पाहुणीची चूक

डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या कोचकोर गावात परदेशी पाहुण्यांना गाड्या भाड्याने देणारी मी एकटीच बाई. कागदावर धंदा माझ्या नवऱ्याच्या, सोवेतबेकच्या नावावर आहे, पण तो सदा कुठल्या ना कुठल्या जीपच्या पोटाखाली असतो आणि आल्यागेल्याला त्याचे नुसते पाय दिसतात. बोलायचं काम माझं. पाहुणे उन्हाळ्यात येतात, जीप घेतात, वर सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणांवर जाऊन तंबूंत राहतात, आणि गाडीचं काहीतरी वाकडं करून परत आणतात.

किल्ली देण्याआधी मी प्रत्येकाला विम्याचं भाषण ऐकवते. ते माझं इतकं पाठ आहे की सोवेतबेक गाडीखालून ओठ हलवतो. "विमा पत्र्याचा आहे. टायरचा नाही, काचेचा नाही, गाडीच्या पोटाचा नाही, आणि नदीत घातलीत तर मला फोनसुद्धा करू नका. बाकी काही झालं की गाडी हलवायची नाही. मला बोलवायचं, पोलिसाला बोलवायचं. चूक कुणाची ते पोलीस लिहून देईल, आणि त्या कागदाप्रमाणे कंपनी वागेल."

यावर सगळे हमखास एकच गोष्ट विचारतात, आवाज खाली आणून. "आणि चूक माझीच असली तर?"

"मग तर उत्तमच," मी म्हणते. "विमा चुकांसाठीच असतो. तुम्ही चुकलात की कंपनी भरून देते, विषय संपला. चूक दुसऱ्या कुणाची निघाली तर खरी पंचाईत. मग कंपनी आज पैसे देते आणि उद्या त्या दुसऱ्याच्या दारात वसुलीला जाऊन उभी राहते."

हे सगळं शेवटच्या ओळीपर्यंत चष्मा लावून वाचणारी बाई मला एकच भेटली. तिचं नाव गुड्रुन. जर्मनीतल्या पूर्वेकडच्या कुठल्याशा गावाची, साठी ओलांडलेली, पाठ एकदम ताठ. शाळेत सक्तीने शिकलेली रशियन ती अजून नीट बोलत होती, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने सगळ्यात वरचा विमा घेतला, म्हणजे तिच्या हातून काही झालं तरी तिच्या खिशाला धक्का लागायचा नाही असा.

"एकट्याच?" मी विचारलं.

"एकटीच," ती म्हणाली, आणि आरसे जुळवायला लागली. मला तिचं थोडं वाईट वाटलं, पण किल्ली मी दिली.

मग एका सकाळी तिचा फोन आला. वर सिग्नल मिळत नाही, त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं, म्हणून ती धापा टाकत होती.

"बुरुलचा, माझी चूक झाली. काल गाडी मागे घेताना मी घोडे बांधायच्या खांबावर घातली. मागचं दार आत गेलं."

"शाब्बास! हलवू नका. आम्ही येतो."

"पण इथे एक अडचण आहे," ती म्हणाली. "हे लोक म्हणतात, मी काही केलंच नाही."

आमच्या भागाचा वाहतूक पोलीस म्हणजे उलारबेक. पोरगा चांगला आहे, पण त्याच्या गाडीत कधी पेट्रोल नसतं, त्यामुळे आमच्याकडे पोलीस बोलवायचा म्हणजे पोलीस आणायचा. त्याला दुसऱ्या जीपमध्ये शेजारी बसवला आणि खिंड चढून निघाले. वाटेत तो झोपला. खिंडीवर बर्फाचा पट्टा अजून शिल्लक होता, आणि पलीकडे उतरलं की मग नुसतं गवत आणि तळं. मी इतक्या वेळा आलेय तरी तिथे मला बरं वाटतंच.

गुड्रुन उतरली होती जुमादिल अक्सकलांच्या, म्हणजे जुमादिल आजोबांच्या, तंबूत. जुमादिल म्हणजे त्या कुरणावरचा सगळ्यात मोठा माणूस, वयानेही आणि आवाजानेही. आम्ही पोचलो तर माझी जीप खांबापाशी उभी, आणि तिच्या मागच्या बाजूवर चांगली नक्षीची रजई टाकलेली. आजाऱ्यावर टाकावी तशी.

"हे काय?" मी विचारलं.

जुमादिलची बायको कुलीपा झग्याला हात पुसत आली. "अगं, बिचारीला सारखं सारखं दिसायला नको म्हणून झाकलं. येता-जाता बघायची आणि तोंड एवढंसं करायची."

मी रजई उचलली. दार चांगलंच आत गेलेलं. त्यात खांबाच्या जाडीची उभी खाच, आणि खांबाला माझ्या गाडीचा हिरवा रंग. खांब स्वतः पण थोडा कलला होता. आंधळ्यालाही कळलं असतं काय झालंय ते.

"घोडीने लाथ मारली," मागून जुमादिल म्हणाला.

उलारबेकने टोपी काढली, पुन्हा घातली. "अता," वडीलधाऱ्याला आमच्यात म्हणतात तसं तो म्हणाला, "कुठल्या घोडीने?"

"त्या राखाडीने."

राखाडी घोडी पलीकडे शिंगराला पाजत उभी होती. तिच्याकडे बघून कुणीही सांगितलं असतं की या जनावराने जन्मात माशीलाही लाथ मारली नसेल.

"अता, खाच माझ्या छातीपर्यंत आलीय," उलारबेक म्हणाला. "एवढ्या वर लाथ?"

"उडी मारून मारली."

"आणि खांब का कललाय?"

"आधी खांबाला मारली. मग गाडीला. काल तिचं डोकंच फिरलं होतं."

गुड्रुन तंबूतून बाहेर आली. तिला घाई घाईने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "साहेब, हे खरं नाही. मी मागे घेतली. मी आरशात पाहिलं नाही. चूक पूर्णपणे माझी आहे, तसं लिहा."

"पाहुण्या थकल्यात," जुमादिल तिच्याकडे न बघता अगदी आदराने म्हणाला. "वारा लागलाय त्यांना. त्यांचं मनावर घेऊ नकोस, पोरा. घोडी माझी, चूक माझी. असं लिही."

मी त्याला बाजूला घेतलं. माझा आवाज आधीच चढायला लागला होता. "अता, घोडी लिहिलं तर कंपनी तुमच्याकडे येईल. तुमच्याकडून वसूल करील."

"येऊ दे. घोडी विकेन."

कुलीपा रजईची घडी घालत होती, तिचे हात थांबले. ती घोडी तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, आई थंडीत मेलेली. सगळ्या तंबूचं उन्हाळ्याचं कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, त्या एका घोडीवर चालतं. पण नवऱ्याने पाहुणीसमोर शब्द दिला होता, ती पुन्हा घडी घालायला लागली. मला मात्र राहवेना.

"अता, नीट ऐका. ती चुकली असं म्हटलं तर तिचं काहीही जात नाही. एक पै नाही. तिने विमा घेतलाय, तो त्याच्यासाठीच असतो!"

"माझ्या दारात आलेली पाहुणी, आणि तिची चूक मी पोलिसाला सांगू? लोक काय म्हणतील? जुमादिलने बाईला चहा पाजला आणि मग पोलिसाच्या हातात दिली?"

"पोलिसाच्या नाही हो, विम्याच्या!"

"विमा कोण? मी त्याला ओळखत नाही. यांना ओळखतो."

उलारबेक माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "एजे, ताई, मी काय लिहू? माझ्या लग्नात आशीर्वाद यांनी दिलाय. यांना खोटं पाडून परक्या बाईचं खरं धरलं, तर माझी बायको मला घरात घेणार नाही."

"मग बस चहा पीत," मी खेकसले.

सगळेच चहा प्यायला बसलो. गुड्रुनला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशा. साय तिच्यापुढे, जॅम तिच्यापुढे, गरम तळलेले बोरसोक तिच्यापुढे. तिने आपला रिकामा वाडगा धुवायला म्हणून उचलला, तर कुलीपाने तो असा हिसकावला की जणू ती चोरून नेत होती.

"आल्यापासून हे असंच," गुड्रुन मला हळूच म्हणाली. "मला कपसुद्धा उचलू देत नाहीत. फार चांगले आहेत. पण बुरुलचा, माझ्यामुळे त्यांची घोडी गेली तर मी काय करू? मी पैसे द्यायला गेले तर आजोबा उठून बाहेर गेले, जेवायला आले नाहीत."

तेवढ्यात जुमादिल ओरडला. "कुलीपा! किटली दारात? डोळे कुठे आहेत तुझे?"

"तुझ्याकडे बघून बघून गेले," कुलीपा म्हणाली आणि किटली होती तिथेच ठेवली.

मग त्याने कुत्र्याला झापलं, मग सरपणाला, मग बाहेरून चाललेल्या थोरल्या मुलाला, खोगीर उन्हात टाकलं म्हणून. मुलगा चाळिशीचा, त्याने मान डोलावली आणि खोगीर सावलीत नेलं. मी वाडगा हातात धरून बघत राहिले. या माणसाचं तोंड दिवसभर चालू असतं, पण फक्त आपल्या माणसांवर. परक्याला तो मेला तरी चूक म्हणणार नाही. आणि आपल्या माणसाला चूक म्हटल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही.

मी उठले आणि घोडीची धार काढायला निघालेल्या कुलीपाला गाठलं. तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने अर्ध्यातच ओळखलं.

"घोडीसाठी म्हणून मी करीन असं समजू नकोस," ती म्हणाली. "बाई मला आवडलीय. पहिल्या दिवशी चहा घेताना माझी बोटं बघून म्हणाली, सांधे दुखतात का हो? इतकी वर्षं धारा काढतेय, या घरात कुणी विचारलं नाही. मी हिला नणंद म्हणून घ्यायला तयार आहे. खऱ्या नणंदांपेक्षा बरीच असेल."

आम्ही दोघी आत आलो. मी जुमादिलसमोर बसले आणि सरळच बोलले. "अता, पाहुणीची चूक सांगता येत नाही, कबूल. पण बहिणीची येते ना?"

त्याने हातातला वाडगा खाली ठेवला. "बुरुलचा, तू मला गुंडाळतेयस."

"हो."

"निदान नाही तरी म्हण!"

"कशाला? तुम्हाला कळलंच आहे."

त्याने दाढीवरून हात फिरवला. मला वाटलं होतं हसेल, पण तो हसला नाही. "पोलिसाच्या कागदापुरती बहीण मी करत नाही. एकदा केली की केली. तिच्याकडे काही वाईट झालं तर मला जावं लागेल, ते गाव कुठे आहे देव जाणे. माझ्याकडे मयत झालं तर तिला यावं लागेल, आणि तंबू दिसल्यापासून रडत यावं लागेल, आमच्या बायका येतात तसं. लग्नं आहेत, बारशी आहेत. हे सगळं तिला सांग आधी. नको, थांब. मीच विचारतो."

तो उठून गुड्रुनपाशी गेला आणि समोर बसला. त्याची रशियन फौजेतली, त्यात अर्धे शब्द हुकुमांचे, उरलेले आमच्या भाषेतले घुसडलेले. तो घसा साफ करून म्हणाला, "तुम्ही माझी कारिंदाश व्हाल का?"

आता कारिंदाश म्हणजे आमच्यात धाकटी बहीण. पण रशियनमध्ये करंदाश म्हणजे पेन्सिल. गुड्रुनने गंभीरपणे मान हलवली, पिशवी उघडली, आत शोधलं आणि एक छान टोक केलेली पिवळी पेन्सिल काढून त्याला दिली. जुमादिलने ती दोन्ही हातांनी घेतली, कारण दिलेली वस्तू दोन्ही हातांनीच घ्यायची असते, आणि तो ती हातात धरून बसून राहिला. त्याला वाटलं, जर्मन लोकांत बहीण होताना पेन्सिल देत असतील.

उलारबेकच्या नाकातून चहा आला. कुलीपा जमिनीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मी कसंबसं गुड्रुनला समजावलं की त्याला लिहायचं नाहीये, त्याला बहीण हवीय, आणि तो जे म्हणाला ते सगळं सांगितलं. लग्नं, बारशी, मयत, रडत येणं, सगळं.

तीही आधी हसत होती. मग हळूहळू तिचं हसू थांबलं.

"हे फक्त विम्यासाठी नाही?"

"कल्पना विम्यावरूनच सुचली," मी म्हटलं. "पण त्याने एकदा म्हटलं की ते कायमचं. तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा, त्याला राग येणार नाही."

ती आपल्या हातांकडे बघत होती. "मी एकुलती एक," ती म्हणाली. "आई गेली, मग नवरा गेला. शेजारी चांगले आहेत, सगळे माझ्याशी फार नीट वागतात. मला रागावणारं कुणी उरलं नाही. किती दिवसांत कुणी माझ्यावर ओरडलेलं नाही, माहीत आहे?" मग तिने जुमादिलकडे पाहिलं आणि एकेक अक्षर जपून म्हणाली, "कारिंदाश. होईन."

कुलीपाने पेटीतून नवा पांढरा रुमाल काढला आणि गुड्रुनच्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली घट्ट. जुमादिलने दोन्ही तळवे पुढे धरले, आम्ही सगळ्यांनी धरले, उलारबेकनेही टोपी सांभाळत धरले. म्हातारा आशीर्वाद बोलला. आयुष्य असो, पोटात अन्न असो, वाट सरळ असो. आम्ही ओमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. एवढंच झालं.

मग तो उठला, बाहेर गेला, आणि गाडीपाशी उभा राहून त्याने सगळ्या कुरणाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"गुड्रुन! इकडे ये!"

ती रुमाल सावरत धावली.

"हे काय केलंस? हे काय केलंस, अं? डोळे आहेत की बटणं? बघ जरा चहूकडे. काय दिसतंय? गवत! डोंगरापर्यंत गवत, तळ्यापर्यंत गवत! आख्ख्या कुरणात एकच खांब, माझ्या बापाने खालून घोड्यावर लादून आणलेला, आणि तुला नेमका तोच सापडला? गाडीला तीन तीन आरसे कशाला दिलेत, केस विंचरायला?"

"मी आरशात पाहिलं नाही," गुड्रुन म्हणाली.

"पाहिलं नाही म्हणे! आणि पाहिलं नाही हे वर तोंड करून सांगतेय! आणि त्या बिचाऱ्या मुक्या जनावरावर आळ!"

"आळ तू आणलास," कुलीपा तंबूच्या दारातून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस, मी माझ्या बहिणीशी बोलतोय!"

उलारबेक कागद गुडघ्यावर धरून भराभर लिहीत होता. "म्हणजे अता, चूक गाडी चालवणाऱ्याची?"

"मग काय खांबाची? शंभर टक्के हिची! लिही, ठळक लिही! आणि हेही लिही की मी असतो तर हिला गाडीच दिली नसती!"

गुड्रुन मान खाली घालून उभी होती. मला वाटलं जास्त झालं, बाई दुखावली. म्हणून मी जवळ गेले. तिचे गाल ओले होते आणि ओठ घट्ट मिटलेले, पण ते हसू दाबायला मिटलेले होते. शाळेतल्या मुलीसारखी ती म्हाताऱ्याच्या बुटांकडे बघत होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

कागदावर सह्या झाल्या. विम्याला लागतं तसं सगळं होतं: खांब, आरसा, चूक चालकाची. राखाडी घोडीचं त्यात नावसुद्धा नव्हतं. कुलीपाने धार काढायची बादली आणली आणि शिंगराचा दोर सरळ गुड्रुनच्या हातात दिला. "तू शिंगराला धर. आणि घट्ट धर, ते ओढतं." शिंगराने तिला चिखलातून फरफटत नेलं, तरी तिने दोर सोडला नाही. मग वाडगे धुतले तेही तिनेच, आणि ते नीट धुतले नाहीत म्हणून कुलीपाने दोन परत दिले.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आली. वाकलेल्या गाडीचं मागचं दार दोरीने बांधून ती मी खाली न्यायची ठरवली आणि चांगली जीप गुड्रुनला दिली. तिला पुढे नारिन शहराकडे जायचं होतं, तिथून आणखी दक्षिणेला. हे ऐकल्यावर जुमादिल माझ्याकडे वळला.

"एकटी?"

"एकटीच फिरतायत त्या, अता. पहिल्यापासून."

"बुरुलचा, तुला अक्कल आहे का? माझ्या बहिणीला, या वयात, एकटीला डोंगरात गाडी देतेस? थंडी वाजली तर तुझा विमा पांघरूण घालणार आहे? वाट चुकली तर तुझा विमा घोड्यावर खोगीर घालून येणार आहे?"

"काल तर तुम्ही विम्याला ओळखत नव्हतात."

"अजून ओळखत नाही. म्हणूनच विचारतोय!"

शेवटी ठरलं की ती नारिनमध्ये कुलीपाच्या भाचीकडे उतरेल, रोज संध्याकाळी मला फोन करेल, आणि परतताना इथूनच जाईल. हे तिला कुणी विचारलं नाही, सांगितलं. मागच्या सीटवर कुलीपाने बोरसोक, वाळवलेलं मांस आणि कुमीसची बाटली कोंबली. गुड्रुन गाडीत बसली, आणि ती मागे घेताना अख्खं कुटुंब भोवती उभं राहून ओरडत होतं, डावीकडे, अगं डावीकडे, थांब, आता सरळ. तिने गाडी अगदी सफाईने वळवली, पण तरी जुमादिल एकदा ओरडलाच.

ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि काच खाली केली. रुमाल अजून डोक्यावर होता.

"बुरुलचा, एक विचारू? खरं सांग. काल तो खरंच रागावला होता, की पोलिसासाठी?"

मी मागे वळून पाहिलं. म्हातारा कललेला खांब दोन्ही हातांनी सरळ करायला बघत होता आणि आरशांबद्दल स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता.

"खरंच रागावला होता," मी म्हटलं. "अजून रागावलेलाच आहे."

"बरं झालं," गुड्रुन म्हणाली, आणि तिने गाडी गिअरमध्ये टाकली.